रुपयाचा भरवसा : कोणाच्या हिशेबाने?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात गेल्या वर्षी एका तरुणाने मला प्रश्न विचारला. तो घरातला पहिला पगारदार. वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. पोरगा शिकला, नोकरीला लागला आणि महिन्याकाठी थोडे पैसे शिल्लक पडू लागले. हे शिल्लक पडणे आमच्या घराण्यांच्या इतिहासात नवे आहे. तो म्हणाला, "सर, कचेरीतले लोक सांगतात, वीस-तीस वर्षांसाठी पैसा ठेवायचा तर रुपयात ठेवू नये. रुपया घसरतच जाणार. तुम्ही अर्थशास्त्र शिकवलंत. तुम्हीच सांगा, हा देश पैसा ठेवण्याइतका भरवशाचा आहे का?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न साधा नव्हता, आणि त्याचे उत्तर मी तीस-पस्तीस वर्षे फळ्यावर चुकीच्या जागेवरून लिहीत आलो होतो, याची मला जाणीव झाली.

पाठ्यपुस्तकातले उत्तर सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या देशात दीर्घ मुदतीची गुंतवणूक करायची तर त्या देशाचे उत्पादन किती वाढते ते पाहा. सरकारचा खर्च उत्पन्नात बसतो का, परदेशी देणे किती, परकीय चलनाची गंगाजळी किती ते पाहा. राज्यकारभार स्थिर आहे का आणि चलनाचा विनिमय दर टिकेल का, तेही पाहा. ही यादी खोटी नाही. परंतु ती बाहेरून पैसा आणणाऱ्याने आणि तो परत नेणाऱ्याने केलेली यादी आहे. ज्याला पैसा कुठे न्यायचाच नाही, ज्याची मजुरी याच चलनात मिळते आणि ज्याची भाकरीही याच चलनात विकत घ्यावी लागते, त्याचे प्रश्न त्या यादीत नाहीत. रुपयाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन हिशेबांच्या झगड्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे. त्यातला दुसरा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्या माणसाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

*

हिंदुस्थानात पैसा गुंतवावा का, हा प्रश्न लंडनच्या भांडवलदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात विचारला. प्रश्न रेल्वेचा होता. देश अनोळखी, वाहतूक किती होईल याचा अंदाज नाही, धोका मोठा. मग धोका काढून टाकण्यात आला. १८४९ साली ईस्ट इंडियन आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला या कंपन्यांशी करार झाले. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली. रेल्वेचे उत्पन्न कमी पडले तर उणीव हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची आणि व्याज लंडनमध्ये पौंडात चुकवायचे. १८७२ साली एका माजी अर्थसदस्याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे कबूल केले, की अशी हमी असल्यावर आपला पैसा विटा-चुन्यात जातो की हुगळी नदीत जातो याची धनकोला फिकीर उरत नाही.

बोरघाटाचे बोगदे ज्यांनी खोदले, पटकीने आणि सुरुंगाने जे मेले, त्यांच्या मजुरीला मात्र कुणाची हमी नव्हती. गुंतवणूक दोघांचीही होती. एकाने पैसा घातला, दुसऱ्याने देह घातला. धोका कोणी सोसायचा, हे तेव्हाच ठरून गेले.

पुढे या व्यवस्थेवर चांदीचे संकट कोसळले. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया चालू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. टांकसाळ सर्वांना खुली होती. चांदी नेऊन द्यावी, थोडा खर्च वजा जाता रुपये पाडून घ्यावेत. त्यामुळे तोळाभर चांदी म्हणजे जवळपास एक रुपया, हे खेड्यातल्या सराफापासून बाजारकरणीपर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडले होते. परंतु १८७० नंतर जर्मनीसारखे देश सोन्याकडे वळले आणि जगात चांदीचा भाव उतरू लागला. सुमारे २ शिलिंगांचा रुपया १८९२-९३ साली १ शिलिंग ३ पेन्सांवर आला.

सरकारला लंडनला पौंड पाठवायचे होते. रेल्वेचे व्याज, कर्जाचे व्याज, निवृत्त साहेबांची पेन्शने, लष्कराचा खर्च, सगळे पौंडात. १८७३-७४ साली सुमारे १ कोटी ३३ लाख पौंड पाठवायला १४ कोटी २६ लाख रुपये लागले. १८९२-९३ साली १ कोटी ६५ लाख पौंडांना २६ कोटी ४७ लाख रुपये लागले. पौंड पावपटीने वाढले आणि रुपये जवळजवळ दुप्पट झाले. हा फरक करांतून निघाला. विनिमयाचा तोटा आणि ब्रह्मदेशच्या युद्धाचा खर्च अंगावर आला तेव्हा १८८८ साली मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. मीठ राजाला जितके लागते तितकेच येसकराला लागते. म्हणून हा कर कोणावर बसला, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

रुपया घसरल्याने युरोपियन अधिकाऱ्यांच्या घरी जाणारे पौंड कमी झाले, तेव्हा १८९३ साली त्यांना भरपाई भत्ता सुरू झाला. ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मा पगार त्यांना १ शिलिंग ६ पेन्सांच्या सवलतीच्या दराने पाठवता येऊ लागला. चलन घसरले की नुकसान सर्वांचे होते, असे आपण म्हणतो. नुकसान सर्वांचे होत असेल, पण भरपाई सर्वांना मिळत नाही.

*

त्याच वर्षी, २६ जून १८९३ रोजी, सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. हेतू एकच : रुपयांचा पुरवठा आवळून विनिमय दर वर चढवायचा. तो दर पुढे १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिर करण्यात आला, आणि १८९९ साली १५ रुपयांना एक सॉव्हरिन कायदेशीर चलन ठरले. लंडनच्या दृष्टीने हिंदुस्थान आता गुंतवणुकीस योग्य झाला. या निर्णयाची दुसरी बाजू मी माझ्या घरात ऐकली होती, पण ती मला तेव्हा कळली नव्हती.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. १८९९-१९०० च्या दुष्काळात तिच्या आईने पायातले तोडे विकले. आजी तेव्हा चार-पाच वर्षांची असावी. ते तोडे वीस तोळ्यांचे होते, आणि पणजीच्या आईने दोन पिढ्यांच्या कष्टातून ते घडवून घेतले होते. आजी सांगे, "लेकरा, रुपायाच्या भाराची चांदी, अन् सावकारानं तोळ्याला आठ आणं टेकवलं. माझी आय घरी येऊन भिताडाकडं तोंड करून बसली." त्या सावकाराचा मी लहानपणी मनोमन सूड घेत असे. शाळेत व्याजाची गणिते सोडवताना मला तोच दिसे.

१९८९ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा सहावा खंड प्रसिद्ध केला. त्यात त्यांचे अर्थशास्त्रीय ग्रंथ आहेत. मी तेव्हा अर्थशास्त्राचा अधिव्याख्याता होतो, वर्गात केन्स शिकवत होतो आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ मी वाचला नव्हता. ही कबुली मी लाज राखून देत नाही. जयंतीच्या मंडपात मी त्यांच्या पदव्यांची नावे घेत होतो, पण त्या पदव्या ज्या ग्रंथांसाठी मिळाल्या ते ग्रंथ उघडत नव्हतो. तो खंड वाचताना टांकसाळी बंद झाल्याचे प्रकरण आले आणि मी हातातले पुस्तक मिटून हिशेब करू लागलो.

टांकसाळ खुली असती तर सावकाराला, सराफाला तोळ्यामागे रुपयाच्या आसपास भाव देणे भाग होते, कारण तीच चांदी शेवटी टांकसाळीत जाऊन रुपया होणार होती. १८९३ नंतर हा आधार गेला. नाण्यातला रुपया सरकारी हुकमाने वर राहिला आणि दागिन्यातली चांदी जागतिक बाजाराबरोबर खाली गेली. १९०० च्या सुमाराच्या लंडनमधल्या भावाने पाहिले, तर रुपयाइतक्याच कसाच्या तोळाभर चांदीची किंमत सुमारे १० आणे येते. म्हणजे पणजीच्या तोळ्यामागे जे आठ आणे गेले, त्यातले दोन आणे सावकाराने खाल्ले आणि सहा आणे सरकारने. सावकाराला आम्ही ओळखत होतो. ते सहा आणे कोणी नेले, हे घरात कुणालाच कळले नाही. कारण ते नेणारा दारात आला नव्हता.

ज्या बाईला बँक माहीत नव्हती, जिच्या नावावर जमीन होऊ शकत नव्हती, तिच्यापुढे दीर्घ मुदतीची गुंतवणूक म्हणून पायातल्या चांदीखेरीज काय होते? आणि पायातल्या त्या चांदीकडे गाव कोणत्या नजरेने पाहत होते? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की कोपरापर्यंतचे कथलाचे नि चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाकून द्या. ते बोलणे स्वाभिमानाचे होते, अर्थशास्त्राचे नव्हते. पण माझ्या पणजीची गोष्ट ठाऊक असल्यामुळे मला त्यात दोन्ही ऐकू येतात. जातीने जी खूण लादली तीच तिची ठेव होती, आणि ती ठेवही कायद्याने निम्म्यावर आणून ठेवली.

*

बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. बाबासाहेबांचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असे कॅनन त्यात स्पष्ट सांगतात. तरीही त्यांच्या विचारांतला ताजेपणा ते मान्य करतात. हिंदुस्थानात त्या काळी जी पद्धत होती ती सुवर्ण विनिमय परिमाणाची. देशात चांदीचा नाममात्र रुपया चालवायचा आणि परदेशी व्यवहारापुरता त्याचा सोन्याशी ठरलेला दर सांभाळायचा. केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची वाखाणणी केली होती. तिशीतल्या एका अस्पृश्य विद्यार्थ्याने तिला विरोध केला.

त्या विरोधाचा गाभा असा. चलनाचे स्थैर्य विनिमय दरावरून ओळखायचे नसते, ते देशातल्या किमतींवरून ओळखायचे असते. सरकार जेव्हा मनाला येईल तितके रुपये पाडू शकते, तेव्हा रुपयाची क्रयशक्ती आधी देशात घटते. त्याचा परिणाम विनिमय दरावर नंतर, कधी फार उशिरा दिसतो. म्हणजे लंडनच्या तक्त्यावर रुपया ताठ उभा असताना परळच्या वाण्याकडे तो वाकलेला असू शकतो. म्हणून नवे रुपये पाडणे बंद करावे, सोन्याचे नाणे चालवावे आणि चलनाचा पुरवठा अधिकाऱ्यांच्या मर्जीवर ठेवू नये, असा त्यांचा उपाय होता.

दुसरा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. रुपया स्वस्त असला की निर्यात वाढते, कारखानदारी फोफावते, म्हणून तो देशाचा फायदा, असे त्या काळचे व्यापारी आणि पुष्कळ राष्ट्रीय पुढारी म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? तो परदेशातून येत नाही. किमती वाढतात आणि मजुरी मागे राहते, त्या फरकातून तो येतो. देशातल्या एका वर्गाच्या खिशातून तो दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो. 'देशाचा फायदा' या शब्दांमागे लपलेला मजूर त्यांनी बाहेर काढून दाखवला. गावगाड्यात 'गावाचे हित' म्हणजे कोणाचे हित असते, हे ज्याने भोगले होते त्यालाच हे इतक्या सहज दिसले असावे.

१९२५-२६ साली हिल्टन यंग आयोग बसला. वाद होता तो रुपया १ शिलिंग ४ पेन्सांचा असावा की ६ पेन्सांचा. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी ४ पेन्सांसाठी वेगळी मतपत्रिका जोडली. आयोगाने ६ पेन्सांची शिफारस केली आणि १९२७ साली तसा कायदा झाला. डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी या आयोगापुढे साक्ष दिली होती. आपल्या सभांतून आज सर्रास सांगितले जाते, की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जपून बोलावे. मध्यवर्ती बँकेची शिफारस आयोगाने १९२६ साली केली, कायदा १९३४ साली झाला, बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. बाबासाहेबांची त्या आयोगापुढची साक्ष आणि त्यांचा ग्रंथ हा खरा गौरव आहे, त्याला वाढीव गौरवाची गरज नाही. शिवाय चलन कोणाच्याही मर्जीवर सोडण्याविरुद्ध ते झगडत होते, ही गोष्ट आपण बँकेचे श्रेय घेताना विसरतो.

त्यांचा सोन्याचा उपाय काळाने मागे टाकला, हेही मान्य केले पाहिजे. १९३१ साली ब्रिटनने स्वतःच सोने सोडले. रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला आणि मंदीत पिचलेल्या खेड्यांतून पुढच्या काही वर्षांत ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. उपाय जुना झाला. प्रश्न जुना झाला नाही, हे पुढच्या दहा-बारा वर्षांत दिसून आले.

*

१९४३ साल घ्या. त्या वर्षी एखाद्याने विनिमय दर पाहून हिंदुस्थानची पारख केली असती तर काय दिसले असते? रुपया १ शिलिंग ६ पेन्स. १९२७ साली तोच, १९४३ साली तोच. लंडनमधले हिंदुस्थानचे येणे वाढत चाललेले, युद्ध संपेपर्यंत ते १३० कोटी पौंडांच्या घरात गेले. कागदावर असा भक्कम देश शोधून सापडला नसता. आणि त्याच वर्षी बंगालमध्ये तांदळाचे भाव कित्येक पटींनी चढून माणसे रस्त्यावर मरत होती. तीस लाखांच्या आसपास माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत सर्वाधिक शेतमजूर, मासेमार, नावाडी होते. ब्रिटन युद्धासाठी इथला माल उचलत होते, मोबदला लंडनच्या खात्यात मांडला जात होता आणि त्या आधारावर इथे नोटा छापल्या जात होत्या. युद्धाच्या सहा वर्षांत नोटांचे चलन पाच-सहा पटींनी वाढले. दुष्काळाला इतरही कारणे होती. तांदूळ अडवून धरणारे होते, नावा जप्त करणारे सरकार होते. परंतु ज्याच्या हातात फक्त मजुरीचा रुपया होता, तो पहिल्यांदा मेला. विनिमय दर जागचा हलला नाही.

आता माझ्या वडिलांचा हिशेब. ते मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होते. शिवाशिवीमुळे आमच्या माणसांना साच्यावर, म्हणजे चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात, घेत नसत, हे बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात वेशीवर टांगले होते. वडिलांनी १९५८ साली दोन हजार रुपयांचा पंचवीस वर्षांचा विमा उतरवला. गावी दोन खोल्या बांधण्याचे त्यांचे स्वप्न होते, आणि तेव्हा दोन हजारांत त्या झाल्या असत्या. हप्ता त्यांनी एकदाही चुकवला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी गेली, आणि १९८३ साली विम्याचे पैसे आले. ठरले होते तितके, बोनससह, वेळेवर. कोणी फसवले नाही. पण त्या पैशात एका खोलीचे कामही तडीस गेले नाही.

त्या पंचवीस वर्षांत डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून सुमारे १० रुपयांवर गेला. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने एका दिवसात तो साडेसात रुपयांचा झाला. परदेशी माणसाच्या हिशेबाने रुपया निम्मा झाला. पण औद्योगिक कामगारांचा किंमत निर्देशांक १९६० साली १०० धरला तर १९८३ साली तो ५०० च्या पुढे गेला होता. वडिलांच्या हिशेबाने रुपयाचे चार हिस्से गेले आणि एक उरला. देश एक, चलन एक, काळ एक. दोन माणसांनी केलेली पारख वेगळी आली. वडिलांनी उभ्या आयुष्यात डॉलर पाहिला नव्हता.

१९९१ साली हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. गंगाजळी आटली, परदेशस्थांनी ठेवी काढून घेतल्या, पतमापन संस्थांनी देशाची पत खाली आणली. जुलैमध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण गेले. त्यावर देशभर हळहळ झाली, ती योग्यच होती. पण सोने गहाण टाकण्याची लाज ज्या देशाला १९९१ साली कळली, त्या देशात आमच्या बायका शंभर वर्षे तोडे गहाण टाकत होत्या.

*

मग त्या तरुणाला मी काय सांगितले? पैसा डॉलरात ठेव किंवा रुपयात ठेव, असे मी सांगितले नाही. देश कसा पारखायचा ते सांगितले. दिवसभराच्या मजुरीत आज किती ज्वारी येते आणि दहा वर्षांपूर्वी किती येत होती? चलन घसरले की भरपाई प्रथम कोणाला मिळते? धोका कोणाच्या अंगावर टाकून कोणाला हमी दिली जाते? चलनाचा पुरवठा कोणाच्या मर्जीवर चालतो, आणि त्या मर्जीला कायद्याचा लगाम आहे का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर देश भरवशाचा. नसतील तर गंगाजळी कितीही फुगलेली असो, तो भरवसा दुसऱ्या कोणासाठी आहे, असे समजावे.

२०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्राहकांच्या भाववाढीसाठी ४ टक्क्यांचे लक्ष्य ठरले, वर-खाली २ टक्क्यांची मुभा ठेवून. विनिमय दराऐवजी देशातल्या किमतींना कायद्याने प्रथम स्थान मिळाले. १९२३ च्या त्या ग्रंथाची दिशा हीच होती. मात्र सरासरी भाववाढ आणि मजुराच्या ताटातली भाववाढ एक नसते. ज्याचा निम्म्याहून अधिक पैसा अन्नावर जातो त्याचा निर्देशांक त्यानेच ठेवला पाहिजे.

म्हणून आमच्या अभ्यासवर्गाने एक वही सुरू केली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नाक्यावरची मजुरी आणि ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल, खोलीचे भाडे यांचे भाव त्यात लिहायचे. पहिले पान त्या तरुणाच्या आईने सांगितले आणि त्याने लिहिले. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मी माझ्या पणजीचा हिशेब मांडून ठेवला आहे : तोळ्याला आठ आणे, दोन सावकाराचे, सहा सरकारचे. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत अशी वही ठेवावी, आणि तिच्या शेजारी बाबासाहेबांचा तो सहावा खंड ठेवावा. दहा वर्षांनी कोणी विचारले, की हा देश भरवशाचा आहे का, तर आपल्याला कचेरीतल्या लोकांचे ऐकावे लागणार नाही. आपण वही उघडू.